वेदी आणि काचेचे कपाट

लंडन शहराच्या साउथ केन्सिंग्टन भागात व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम ह्या नावाचे एक विशाल संग्रहालय आहे. मनुष्याने अंगावर घालावयाच्या, हाती धरावयाच्या व घरात मांडावयाच्या वस्तूंसाठी ते विशेष प्रसिद्ध आहे. वस्त्रे, अलंकार, भांडी, लाकडाचे व धातूचे काम ह्यांचा एवढा संग्रह जगात क्वचितच कोठे असेल. मुंबईकडील वाचकांस हे नाव ओळखीचे वाटेल. भायखळ्यास राणीच्या बागेत १८७२ साली जे संग्रहालय उघडले त्याचेही नाव हेच होते. पुढे १९७५ साली त्यास डॉक्टर भाऊ दाजी लाड ह्यांचे नाव देण्यात आले. लंडनच्या संग्रहालयास मात्र हे नाव १८९९ साली मिळाले. तेव्हा नावापुरती तरी मुंबई लंडनहून २७ वर्षांनी वडील ठरते!

ह्या संग्रहालयात ख्रिस्तसभेच्या वेदीवरून, सांक्रिस्तीतून व भाविकांच्या गळ्यांतून गेलेल्या वस्तू इतक्या आहेत की कित्येक कपाटांपुढे कॅथोलिक मनुष्याने नकळत क्रुसाची खूण करावी. त्या तेथे कशा गेल्या, कोणी दिल्या, कोणी विकल्या, आणि त्या व्यवहारात ख्रिस्तसभेचे काय गेले व काय वाचले, हे येथे सांगण्याचा आमचा मानस आहे. ज्युबिलीच्या स्मरणिकेत परदेशच्या संग्रहालयाची कथा कशास, असे कोणी विचारील. त्याचे कारण पुढे येईलच.

लंडनमध्ये हाइड पार्कच्या मैदानावर १८५१ साली जे मोठे प्रदर्शन भरले, त्यातील उत्तम वस्तू निवडून विकत घेण्यासाठी सरकारने ५००० पौंड मंजूर केले. निवड करणाऱ्या मंडळीत पुजिन नावाचे शिल्पशास्त्रज्ञ होते. हे गृहस्थ १८३५ साली कॅथोलिक झाले होते आणि मध्ययुगीन धाटणीची देवळे, वेद्या व मिस्सावस्त्रे पुन्हा प्रचारात यावीत म्हणून त्यांनी आपले आयुष्य वेचिले होते. वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, १८५२ साली, ते वारले. त्याच साली मार्लबरो हाउस ह्या वाड्यात संग्रहालय उघडले, आणि १८५७ साली ते साउथ केन्सिंग्टनला गेले. कारागिरांनी चांगले काम पाहावे व तसे करावयास शिकावे, हा त्याचा हेतू. धर्माशी त्याचा संबंध नव्हता. तथापि चांगले जुने भरतकाम व चांगले जुने सोनारकाम पाहावयाचे म्हटले म्हणजे युरोपात देवळाकडेच जावे लागते; म्हणून पहिल्या वीस वर्षांतच ह्या संग्रहालयात धर्मवस्त्रांची रीघ लागली.

तेथे प्रत्येक वस्तूस एक क्रमांक असतो व त्यात ती कोणत्या साली आली ते नोंदलेले असते. ८३-१८६४ ह्या क्रमांकाची वस्तू म्हणजे ‘सायन कापा’ होय. कापा म्हणजे खांद्यांवरून घोट्यांपर्यंत उतरणारा, अर्धवर्तुळाच्या आकाराचा तो झगा, जो धर्मगुरू पवित्र साक्रामेंताच्या मिरवणुकीत व आशीर्वादाच्या वेळी घालितो. सायन कापा इंग्लंडमध्ये सुमारे १३०० ते १३२० ह्या वर्षांत भरला गेला. तागाच्या कापडावर रेशीम, रुपेरी व सोनेरी कलाबतू ह्यांनी तो इतका दाट भरलेला आहे की खालचे कापड कोठेही दिसत नाही. एकमेकांत गुंतलेल्या चौपाकळी चौकटी, त्यांत फिक्या पडलेल्या तांबड्या जमिनीवर प्रभूचे क्रुसारोहण, स्वर्गात मरियामातेस मुकुट घातल्याचा देखावा, अजगरास मारणारा संत मिखाएल व बारा प्रेषित. चौकटींच्या मधल्या हिरव्या जागांत चाकांवर उभे असलेले सहा पंखांचे सेराफीम. एका चौकटीत प्रभू येशू आपल्या कुशीची जखम दाखवितो आहे व संत थॉमस तीत बोट घालितो आहे. ज्या प्रेषिताने ह्या आपल्या देशात सुवार्ता आणिली त्याचे हे चित्र सातशे वर्षांपूर्वी कोण्या इंग्रज कारागिराने सुईने काढिले, हे वाचून आमच्या लोकांस कौतुक वाटावे.

त्या काळी इंग्लंडचे भरतकाम सर्व युरोपात ‘ओपुस आंग्लिकानुम’, म्हणजे इंग्रजी काम, ह्या नावाने विख्यात होते. १२४६ साली चौथे इनोसंट पोप महाशय ह्यांनी इंग्लंडहून आलेल्या धर्माधिकाऱ्यांच्या अंगावर हे काम पाहिले, ते कोठचे म्हणून विचारिले, आणि मग इंग्लंडातील सिस्टर्सियन मठपतींस पत्रे धाडून तसेच काम मागविले, असे त्या वेळच्या बखरकाराने लिहून ठेविले आहे. आणि पोप महाशयांच्या ह्या हौशीवर त्याने थोडी तिखट टीकाही केली आहे! १२९५ साली रोमच्या धर्मपीठाच्या खजिन्याची जी यादी झाली तीत इंग्रजी कामाचा उल्लेख शंभरांहून अधिक वेळा येतो.

त्या कामाची युक्ती आमच्या भगिनींस समजावी म्हणून सांगतो. कलाबतू कापडातून आरपार ओवीत नसत. ती कापडावर नुसती पसरीत. मग खालून तागाचा मजबूत दोरा वर आणावयाचा, कलाबतूस वळसा घालावयाचा, आणि त्याच छिद्रातून दोरा खाली ओढावयाचा; म्हणजे कलाबतूचा अगदी लहानसा फास कापडाखाली जातो व दोरा वरून मुळीच दिसत नाही. असे टाके शेजारी शेजारी हजारो घातले म्हणजे वर सोन्याचा अखंड पत्रा दिसतो. परंतु प्रत्येक टाक्यापाशी सांधा असल्यामुळे तो पत्रा कडक होत नाही. वस्त्र अंगावर पाण्यासारखे पडते. वरून टाचलेली जर घासून लवकर सुटते. ही सुटत नाही. १३४८ सालच्या महामारीनंतर इतके कष्टाचे काम करणारे हात व करविणारे धनी दोन्ही कमी झाले, व ही रीत हळूहळू मोडली.

आता कापा संग्रहालयात आला कसा? लंडनजवळ सायन येथे राजा पाचवा हेन्री ह्याने १४१५ साली संत ब्रिजिता हिच्या संघाच्या धर्मभगिनींसाठी मठ स्थापिला. कापा त्या मठाहून शंभर वर्षांनी जुना. म्हणजे तो मुळी दुसऱ्याच कोणासाठी केलेला, व मागाहून त्यांच्याकडे आलेला. आठव्या हेन्रीने पोप महाशयांशी नाते तोडिले तेव्हा ह्याच मठाचे धर्मगुरू संत रिचर्ड रेनल्ड्स ह्यांस ४ मे १५३५ रोजी टायबर्न येथे हाल करून मारण्यात आले. १९७० साली त्यांस संतपद मिळाले. १५३९ साली मठ बंद पडला. धर्मभगिनी फ्लॅंडर्सकडे गेल्या, तेथून फ्रान्सात रुआं येथे, आणि १५९४ साली लिस्बनला पोचल्या. सर्व मुक्कामांत कापा त्यांच्याबरोबर होता, असे त्यांच्या परंपरेत सांगत. लिस्बनच्या ज्या बंदरातून त्या काळी गोव्याकडे व वसईकडे मिशनरी निघत, त्याच गावी ह्या बायका आपला देश सोडून, आपल्या देशाचे हे वस्त्र जपत बसल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांपैकी काही परत गेल्या तेव्हा कापाही परत गेला. एका कॅथोलिक सरदारास त्यांनी तो दिला. आणि अखेर १८६४ साली तो संग्रहालयाने घेतला. मठाची परंपरा पुढेही चालली, परंतु धर्मभगिनी उरल्या थोड्या. डेव्हनमधील त्यांचे शेवटचे घर २०११ साली बंद झाले. तीनशे वर्षे ज्यांनी कापा सांभाळिला त्या गेल्या, कापा आहे.

त्याच १८६४ साली आलेले दुसरे वस्त्र ‘क्लेअर कासुला’. कासुला म्हणजे मिस्सा करिताना धर्मगुरू सर्वांत वर घालितो ते वस्त्र. तेराव्या शतकाच्या शेवटच्या पादात मार्गारेट दि क्लेअर नावाच्या सरदारपत्नीसाठी हे केले गेले. कापड निळे, रेशीम व कापूस मिळून विणलेले, बहुधा इराणकडचे. मधल्या पट्टीत क्रुसारोहण, बाळ येशूसह मरियामाता, संत पेत्र व पौल आणि दगडांचा मारा सोसणारा संत स्तेफन. मूळचे वस्त्र घंटेसारखे रुंद व घोळदार होते. मागील शतकांत हात मोकळे राहावेत म्हणून कासुला दोन्ही बाजूंनी कापून सारंगीच्या आकाराची करण्याचा प्रघात पडला, आणि कोण्या शिंप्याने हिच्या बाजू बेधडक कापून टाकिल्या. लक्षात घ्या की हा घाव पाखंड्याचा नव्हे की लुटारूचा नव्हे. आपल्याच सांक्रिस्तीतील कात्रीचा आहे.

कात्रीची गोष्ट निघाली म्हणून आखेन येथील कानन फ्रान्त्स बॉक ह्यांचे नाव घेतले पाहिजे. हे धर्मगुरू १८२३ साली जन्मले व १८९९ साली वारले. धर्मवस्त्रांचा इतिहास त्यांनी लिहिला व त्यांतील त्यांची विद्वत्ता कोणी नाकारीत नाही. परंतु देवळोदेवळी फिरून ते जुनी वस्त्रे मिळवीत, त्यांचे तुकडे करीत, व एकेक तुकडा निरनिराळ्या संग्रहालयांस देत. त्यामुळे एकाच रेशमाचा एक भाग लंडनला, दुसरा बर्लिनला, तिसरा आणखी कोठे, अशी स्थिती झाली. लोकांनी त्यांस ‘कात्रीवाला बॉक’ असे नाव ठेविले. आम्ही त्यांची बाजू घेत नाही. मिस्साबलिदानात वापरलेले वस्त्र नमुन्याच्या चिंधीसारखे कापणे धर्मगुरूस शोभत नाही. तथापि त्या दिवसांत कित्येक ठिकाणी जुने मिस्सावस्त्र जर काढून घेण्यासाठी जाळीत किंवा भंगारवाल्यास देत. त्यापेक्षा तुकडा का होईना राहिला, हेही खरे. ह्याच्या उलट डॉक्टर डॅनिएल रॉक ह्या इंग्रज कॅथोलिक धर्मगुरूंचे उदाहरण आहे. संग्रहालयाच्या वस्त्रांची सविस्तर यादी त्यांनीच केली व ती १८७० साली छापली. कोणती पट्टी स्तोलाची, कोणती मानिपलाची, हे सांगावयास शेवटी मिस्सा करणारा मनुष्यच लागला!

१८७० हेच साल दागिन्यांच्या बाबतीतही मोठे आहे. स्पेन देशात सारागोसा येथे स्तंभावरील मरियामातेचे फार पुरातन क्षेत्र आहे. राजेरजवाड्यांपासून सामान्य बायांपर्यंत भाविकांनी नवस फेडताना तिला वाहिलेले दागिने तेथील खजिन्यात साठले होते. देवळाचे बांधकाम पुरे करण्यास पैसा हवा म्हणून त्यांपैकी पुष्कळ दागिने त्या साली विकिले गेले, आणि साउथ केन्सिंग्टनने त्यांतील कित्येक घेतले. त्यांत सोळाव्या शतकातील सोन्याचे एक पदक आहे: मीना केलेली, रत्न व मोती बसविलेली पेलिकन पक्षीण. पेलिकन आपल्या छातीचे रक्त पाजून पिलांस जगविते अशी जुनी समजूत. म्हणून ती प्रभू येशूच्या रक्तदानाची खूण मानितात, आणि संत थॉमस अक्विनास ह्यांच्या नावाने चालत आलेल्या साक्रामेंताच्या स्तोत्रातही ती येते. ज्या बाईने हे पदक मातेच्या चरणी ठेविले तिने ते कोणत्या दुःखात किंवा कोणत्या उपकाराबद्दल ठेविले असेल! संग्रहालयाच्या नोंदीत सोन्याचा कस येतो, काळ येतो. ते येत नाही.

जपमाळेची एक कथा सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९३४ साली संग्रहालयास ‘लँगडेल रोझरी’ मिळाली. ही सुमारे १५०० साली इंग्लंडमध्ये केलेली सोन्याची जपमाळ. नमो मरियेचे ५० मणी, हे आमच्या स्वर्गातील बापाचे ६, व शेवटी एक मोठा गोल मणी. प्रत्येक मण्यावर संतांची चित्रे कोरलेली व नावे लिहिलेली. यॉर्कशरमधील लँगडेल ह्या कॅथोलिक घराण्याकडे ती होती. एलिझाबेथ राणीच्या राज्यात १५७१ च्या कायद्याने रोमहून आशीर्वादित मणी, क्रूस व चित्रे देशात आणणे हा भारी शिक्षेचा गुन्हा ठरला. तेव्हा जपमाळ उघड्यावर धरण्याची सोय नव्हती. बहुतेक जुन्या जपमाळा मोडल्या, वितळल्या, हरवल्या. ही सबंध राहिली, ती घरच्या बायामाणसांनी लपवून राखिली म्हणून. आमच्या मते त्या सबंध संग्रहालयात ह्याहून मोलाचा दागिना नाही. २०१७ साली व्हिक्टोरिया राणीचा नीलम व हिरे जडविलेला लहान मुकुट तेथे आला, व त्यापुढे लोकांची फार गर्दी होते. पण तो कोणी जीव धोक्यात घालून लपविला नव्हता.

१९५५ साली घेतलेला ‘बटलर-बोडन कापा’ असाच कॅथोलिक घराण्याने जपलेला. चौदाव्या शतकातील तांबड्या मखमलीवर मरियामातेच्या जीवनातील देखावे भरलेले. मधल्या काळात हा कापून त्याची लहान धर्मवस्त्रे व वेदीचा पडदा केला होता. एकोणिसाव्या शतकात तुकडे जुळवून पुन्हा कापा केला. २०१६ च्या ऑक्टोबरात संग्रहालयाने ओपुस आंग्लिकानुमचे मोठे प्रदर्शन भरविले तेव्हा टोलेडो, बोलोन्या इत्यादी ठिकाणी गेलेली वस्त्रे पाहुणी म्हणून जन्मभूमीस आली व सायन कापाशेजारी मांडिली गेली.

आपल्याकडेही ख्रिस्तसभेच्या वस्तू अशाच विखुरल्या. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तेथल्या देवळांच्या घंटा मराठी सरदारांनी नेल्या व आपल्या देवस्थानांस वाहिल्या. नाशिकास नारोशंकराच्या मंदिरावर त्यांतली एक आहे. ह्याबद्दल कोणी रोष धरावा असे नाही. जिंकणाऱ्याची ती रीत, आणि घंटा निदान देवासाठीच वाजत राहिली. त्याहून अधिक हानी आमच्या निष्काळजीपणाने झाली आहे. १९६२ ते १९६५ ह्या वर्षांत भरलेल्या महासभेनंतर उपासनेचे विधी साधे झाले. १९६७ साली मानिपल वापरण्याची सक्ती उठली. जुन्या आकाराच्या कासुला मागे पडल्या. त्या कोठे टाकाव्यात असे कोणीही सांगितले नव्हते. तरी पुष्कळ धर्मग्रामांत त्या वाळवीस व उंदरांस मिळाल्या. गोव्याच्या धर्मप्रांताने वेळीच विचार केला. १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत ख्रिस्ती कलेचे संग्रहालय उघडले, २००२ साली ते जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात नेले, आणि दुरुस्तीनंतर २०२२ साली ते पुन्हा उघडले. चांदीचे, हस्तिदंताचे व जरीचे जे काम तेथे आहे ते आमच्या तरुणांनी एकदा जाऊन पाहावेच.

आता ह्या लेखाचे कारण. ज्युबिलीची तयारी चालू असता दोन सूचना आमच्याकडे आल्या. एक अशी की सांक्रिस्तीतील मोठ्या पेटीत जी जुनी जरीची वस्त्रे पडली आहेत त्यांची जर कापून नव्या वेदीवस्त्रास लावावी व बाकीचे टाकावे. दुसरी अशी की मरियामातेच्या मूर्तीस वाहिलेले सोने मोडून देवळाचे छप्पर करावे. दोन्ही सूचना चांगल्या बुद्धीने आल्या. दुसरीवर तर घरोघर वाद झाला, हे आम्हांस ठाऊक आहे.

छपराच्या बाजूने बोलणाऱ्यांस वाटते तितके ते एकटे नाहीत. मिलानचे महागुरुस्वामी संत अँब्रोज ह्यांनी कैदी सोडविण्यासाठी वेदीवरची सोन्याची पात्रे मोडली, आणि कैद्यांची सुटका, देवळाची उभारणी व भाविकांच्या दफनासाठी जागा, ह्या कारणांस्तव असे करावे, असे लिहून ठेविले. तेव्हा सारागोसाच्या लोकांस एकदम दोष देता येत नाही. परंतु त्याच ठिकाणी संत अँब्रोज हेही बजावितात की पवित्र पात्र आहे त्या रूपात देवळाबाहेर जाऊ नये. आधी त्याचे रूप मोडावे, म्हणजे त्याचा अपमान होणार नाही. सारागोसात नेमके उलट झाले: रूप विकिले गेले. शिवाय अँब्रोज ज्या सोन्याविषयी बोलतात ते सभेचे सोने. नवसाचे सोने देणाऱ्याच्या वचनासह येते. म्हणूनच १९८३ च्या धर्मनियमसंहितेचा १२९२ वा नियम सांगतो की नवसाने सभेस आलेल्या वस्तू, तशाच कलेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने मौल्यवान वस्तू, विकावयाच्या वा दुसऱ्यास द्यावयाच्या तर रोमच्या धर्मपीठाचीही परवानगी लागते. धर्मग्रामाचा फादर किंवा समिती हे आपल्या अधिकारात करू शकत नाही. कळकळीने भांडणाऱ्या दोन्ही पक्षांनी हे ध्यानात घ्यावे.

तेव्हा आमचा निर्णय असा. मातेचे सोने मातेपाशी राहील. छपरासाठी वर्गणी होईल, व तीत आम्ही आमचा वाटा प्रथम घालू. पेटीतील वस्त्रांस कात्री लागणार नाही. ती सावलीत वारा देऊन, कापूर व डांबरगोळ्या दूर ठेवून, स्वच्छ धुवट सुती कापडात घडी न घालता गुंडाळून ठेवावयाची आहेत. कारण जरीच्या वस्त्राची घडी जेथे पडते तेथेच ते प्रथम तुटते. दर ज्युबिलीस व मरियामातेच्या सणास जे वस्त्र घालण्याजोगे असेल ते वेदीवर घातले जाईल. जे अगदीच जीर्ण असेल ते महागुरुस्वामींच्या अनुज्ञेने धर्मप्रांताच्या संग्रहात ठेव म्हणून पाठवावे, विक्री म्हणून नव्हे.

राहिले यादीचे काम. १२८३ व्या नियमाप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या मौल्यवान वस्तूंची नेमकी यादी ठेवावयाची असते. आमची यादी वजन व संख्या सांगते, याहून अधिक काही सांगत नाही: सोन्याची माळ एक, नथी दोन, बांगड्या चार. ज्यांच्या आजीने किंवा पणजीने त्यांतले काही वाहिले असेल त्यांनी रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर सांक्रिस्तीत येऊन ते कोणी, केव्हा व कशाबद्दल दिले ते सांगावे. वही तेथे ठेविली आहे. वजनाच्या रकान्याशेजारी आम्ही एक रिकामा रकाना आखून घेतला आहे.